जिल्ह्याचं विरजण

माझ्या स्वयंपाकघरातल्या दह्यात अख्ख्या जिल्ह्याचे आजार होते. हसू नका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते, आणि त्या हसण्याच्या भरातच हो म्हणून बसले.

मी हेमा आवटी, राहणार मिरज. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. ओवीचे, म्हणजे माझ्या मुलीचे, बाबा गेले, पाठोपाठ मी निवृत्त झाले आणि घर खायला उठलं. त्याच सुमारास तो किडा सुटला होता. किडा म्हणजे कॉम्प्युटरमधला. त्याची खोड अशी वाईट, की आधी बॅकअप शोधून खायचा आणि मग मूळ माहितीवर हात टाकायचा. तारेनं किंवा हवेतून जे जे कशाला जोडलेलं होतं, ते सगळं गेलं. माणसं दवाखान्यात आपले रिपोर्ट विचारायला जायची आणि डॉक्टर म्हणायचे, तुम्हीच सांगा तुम्हाला काय झालं होतं ते.

मग 'चिरंतन' नावाची संस्था आली. त्यांचा माणूस कौस्तुभ घाटपांडे, वय तिशीच्या आतबाहेर, माझ्या सोफ्यावर अंग चोरून बसला आणि समजावून सांगायला लागला.

"काकू, कॉम्प्युटरच्या भाषेत अक्षरं दोनच, शून्य आणि एक. जिवंत पेशीतल्या डीएनएची अक्षरं चार. एका भाषेतला मजकूर दुसरीत लिहिता येतो. आम्ही जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांच्या नोंदी नव्यानं गोळा केल्या, डीएनएच्या भाषेत लिहिल्या आणि दह्यातल्या जिवाणूंत घातल्या. एका जिवाणूत एकच पान, आणि त्या पानावर त्याचा नंबर. दही लागतं तेव्हा जिवाणू वाढतात, म्हणजे पानांच्या प्रती आपोआप निघतात. चार प्रतींत चूक झाली तरी बाकीच्या लाखो बरोबर असतात. बहुमत घ्यायचं. आणि दह्याला ना तार, ना नेट. किडा येणार कुठून?"

"मग तुमच्या लॅबमध्ये लावा की दही. माझ्याकडे कशाला?"

"लॅबमध्ये सुट्ट्या असतात, संप होतात, माणसं बदलतात. तुमच्याकडे दही रोज लागतं."

हे मात्र खरं होतं. माझ्या लग्नापासूनचं विरजण मी मोडू दिलं नव्हतं.

त्यांचा नियम तीनचा. कुठलीही माहिती तीन ठिकाणी हवी, सगळ्या प्रती एकाच प्रकारच्या नकोत, आणि एक तरी दुसऱ्या गावी हवी. पहिली प्रत त्यांच्या सांगलीच्या, कशालाच न जोडलेल्या मशीनमध्ये. दुसरी पुण्याच्या शीतगृहात, काचेच्या कुपीत, डीएनएची कोरडी पूड. तिसरी माझ्या ओट्यावर, पिठाच्या डब्याएवढ्या पेटीत. पेटी ऊब सांभाळायची, बाकी सगळं मी. रोज सकाळी हातमोजे घालून, त्यांनी दिलेल्या चमच्यानं नवं दही लावायचं. आदलं उकळून मोरीत ओतायचं. खायचं नाही, द्यायचं नाही. चांगलं कवडी दही रोज मोरीत ओतताना माझा जीव कसा कळवळायचा, ते माझं मला ठाऊक.

आणि पेटी फक्त माझ्या अंगठ्यानं उघडायची. खरी मेख तिथे होती. एकही रात्र बाहेर काढता येत नव्हती. 'बदली माणूस लवकरच देऊ' असं संस्था पहिल्या दिवसापासून म्हणत होती. भाचीच्या लग्नाला गेले नाही, बहिणीच्या ऑपरेशनला गेले नाही. सगळ्या वर्गांना जगाचा नकाशा पाठ करून घेणारी बाई मी, आणि माझी हद्द जयसिंगपूरपर्यंत. संध्याकाळी परत.

"आई, तुला पॅरोल कधी मिळतो गं?" ओवी चिडवायची.

"करार संपला की. मग बघ, तू जिथे असशील तिथे येऊन बसते तुझ्या डोक्यावर."

ओवी, माझी एकुलती एक. जतच्या माळावर पवनचक्क्यांची दुरुस्ती करायची. दोराला लटकून त्या उंच पात्यांवर चढायची. मी कधी बघायला गेले नाही, मला भोवळ येते. त्या वर्षी तिची डेन्मार्कला निवड झाली, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर. जहाजावर राहायचं, तिथूनच काम करायचं. पत्र आलं त्या दिवशी ती घरभर नाचली आणि मी तिच्यामागे नाचले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. दोन्ही खरं होतं.

निघायच्या दिवशी तिच्यासाठी श्रीखंड केलं होतं. घरातलं होतं नव्हतं तेवढं दही चक्क्यात गेलेलं. शेजारच्या नजमाभाभी निरोप द्यायला आल्या होत्या. गाडी दारात, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, ओवी पाया पडली, आणि माझ्या लक्षात आलं की हातावर ठेवायला दही नाही.

आता हे ज्यांच्याकडे करत नाहीत त्यांना नाही कळायचं. परीक्षेला जा, मुलाखतीला जा, परगावी जा, निघताना हातावर चमचाभर दही-साखर घेतल्याशिवाय आमच्या घरातून कोणी उंबरा ओलांडला नाही. त्यात शास्त्र काही नाही, मला कळतं तेवढं. पण पोरगी सातासमुद्रापार निघालीय आणि तिचा तळहात रिकामा? माझे हात आपोआप चालले. पेटीवर अंगठा टेकवला. हातमोजे राहिले. चक्का ढवळलेला चमचाच हाताशी होता, तो पुसला आणि आत घातला. वर चिमूटभर साखर.

"नीट जा, सुखरूप पोच," मी म्हटलं. ओवीनं तळहात चाटला, मला मिठी मारली आणि गेली.

नजमाभाभींनी बघितलं होतं. "हेमाताई, त्या पेटीतलं?"

"चमचाभरानं काय होतंय!" मी म्हटलं.

संध्याकाळी विमानतळावरून फोन आला. माहितीच्या चोऱ्या वाढल्यापासून तिथे प्रत्येकाच्या तळहातावरून आणि जिभेवरून कापसाचा बोळा फिरवतात. दवाखान्यांच्या नोंदी देशाबाहेर नेणं हा मोठा गुन्हा.

"आई," ओवी म्हणाली, "मला काय खायला घातलंस तू?"

संस्थेच्या गाडीनं तिला परत आणून सोडलं. मनगटावर करडा पट्टा होता. गावाची हद्द ओलांडली की तो बोंबलणार आणि चार माणसं धावत येणार. साधं दही दोन दिवसांत शरीरातून निघून जातं. हे जिवाणू असे घडवलेले, की जिथे जातील तिथे चिवटपणे बूड टेकून बसावेत, नाहीतर पेटीतही टिकले नसते. आता ते ओवीच्या आतड्यात बसले होते.

घाटपांडे मात्र शांत होता. "काकू, घाबरू नका. चुकून पोटात गेलं तर म्हणूनच पेटीच्या झाकणात गोळ्या ठेवल्यात. आठवडाभर घेतल्या की सगळं साफ. उद्या डॉक्टर तपासतील, मग सुरू करा. त्या कंपनीला मी पत्र देतो." कंपनी थांबायला तयार झाली. जहाजाची शेवटची तुकडी निघेपर्यंत, म्हणजे जेमतेम दीड महिना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तर आत पाणी. हिरवट, पातळ, आंबूस पाणी. दही म्हणायची सोयच नाही.

जिवाणूंनाही विषाणू मारतात. दूधवाल्यांना हा रोग चांगला ठाऊक असतो, एका रात्रीत सगळा घाणा खराब करतो. बाजारच्या दुधातून तो माझ्या चक्क्यात आला होता आणि चमच्यावरून पेटीत गेला. ओवीच्या हातावर दही पडलं ते विषाणू पेटीभर पसरायच्या आतच, म्हणून तिच्या पोटातले वाचले. किंवा पोटात त्यांचं फावलं असेल, नक्की कुणालाच सांगता आलं नाही.

घाटपांडेनं पेटीकडे बघून मान हलवली. "असू दे. पुण्याची कुपी आहे. तिच्यावरून नवं विरजण बनवू."

कुपी फोडली. आत दमट लगदा. झाकणातून ओल शिरली होती, आणि ठेवल्या दिवसापासून ती एकदाही उघडून, वाचून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. ठेवली म्हणजे आहे, असं सगळे धरून चालले होते.

"मग सांगलीचं मशीन?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं. "नवं मशीन आलं होतं काकू. जुनं मागच्या आठवड्यात पुसलं. नव्यात कुपीवरूनच भरणार होतो. म्हटलं, दोन प्रती आहेतच की."

ओवी पलंगावर बसली होती, पोटावर हात ठेवून. जिल्ह्यातल्या सगळ्या माणसांची रक्तं, हाडं, गाठी, शस्त्रक्रिया, औषधं, सगळं आता एकाच ठिकाणी होतं.

"त्या गोळ्या परत द्या," घाटपांडे म्हणाला.

मी एक पाकीट काढून दिलं. झाकणात दोन होती. दुसरं डाळीच्या डब्यात ढकललं, का ते तेव्हा मलाही कळलं नाही.

मग नमुने न्यायला माणसं यायला लागली. बाहेर काढलेल्या जिवाणूंना आता पोटाची सवय लागली होती; दुधात ते वाढेनात, तीन-चार दिवस तग धरायचे आणि मरायचे. प्रत्येक नमुन्यात काही पानं सापडायची, काही नसायची. सगळी वाचून काढायला वर्ष लागेल, असं ठरलं. तोपर्यंत ओवीनं गाव सोडायचं नाही, औषध घ्यायचं नाही, काय खाल्लं ते रोज कळवायचं.

"वर्ष?" ओवी ओरडली. "जहाज थांबणारे का वर्षभर?"

"नियम आहे ताई. शेवटची प्रत पुसायची नसते."

"मी प्रत नाहीये!"

ती माझ्याशी बोलेनाशी झाली. चढणारी पोर ती, तिला घरात कोंडलं की काय होतं ते मी रोज बघत होते. गच्चीवर जायची, टाकीवर चढून बसायची. एका संध्याकाळी खाली आली आणि एवढंच म्हणाली, "मुद्दाम केलंस ना?"

"काय बोलतेस ओवी?"

"तू अडकलीस, म्हणून मलाही अडकवलंस. एकटीला कंटाळा येत होता तुला."

कानशिलात बसावी तसं झालं मला. नाही म्हणाले, शपथ घेतली. पण रात्रभर स्वतःलाच विचारत राहिले, की हातमोजे शोधायला असा किती वेळ लागला असता? मला तिला पाठवायचं होतं. अगदी मनापासून पाठवायचं होतं. पण ती राहिली असती तर वाईट वाटलं असतं का? या प्रश्नापाशी मी अडायचे.

डाळीचा डबा रोज हाताखाली यायचा. एका आठवड्याच्या गोळ्या. दिल्या की पोरगी मोकळी. पोलीस मला नेतील, नेऊ देत. पण भिंतीपलीकडे नजमाभाभी होत्या. त्यांच्या रक्ताचा जो आजार होता, त्याच्यावर आता इलाज निघाला आहे, पण तो इलाज ज्याचा त्याचा वेगळा. त्यांच्या रक्तावरून बनवलेली कृती, त्या कृतीवरून बनणारं इंजेक्शन. ती कृती नोंदींत होती. पुन्हा शोधायची तर वर्षं जातील, आणि नजमाभाभींकडे तेवढी वर्षं नव्हती. जिल्ह्यात असे किती जण असतील कुणास ठाऊक. मला एकच चेहरा दिसायचा.

त्या रोज यायच्या. ओवीला काहीबाही आणायच्या, पण कृतीबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. मला ते जास्त जड जायचं.

एका दुपारी ओवी स्वयंपाकघरात आली. "आई, डाळीच्या डब्यातल्या गोळ्या दे."

मी कढई खाली ठेवली. "तुला कसं कळलं?"

"मी परवाच बघितल्या."

"मग घेतल्या का नाहीस?"

"भाभींचं इंजेक्शन मलाही माहीत आहे." तिचे डोळे भरून आले. "लहानपणी मी त्यांच्याच घरात वाढले आहे, आई. माझ्या हातानं नाही होत. तू दे. तू म्हणालीस तर मी घेईन. तू अडकवलंस, तूच सोडव."

जहाज निघायला तीन आठवडे उरले होते. मी डबा उघडला नाही. पदर खोचला आणि घाटपांडेला फोन लावला.

"तुझी ती पानं माझ्या पोटात घाल," मी म्हटलं. "आणि तिला सोड."

तो गोंधळला. मग हिशेब करायला लागला. तिच्या पोटातून जिवाणू काढून, कॅप्सूलमध्ये भरून, मरायच्या आत मला गिळायला द्यायचे. होऊ शकतं म्हणाला. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांशी बोलून आला आणि माझ्या सोफ्यावर पुन्हा तसाच अंग चोरून बसला.

"काकू, त्यांना कल्पना आवडली. पण दोन अटी आहेत. एकाच माणसावर ते विसंबणार नाहीत. ताईंना सोडायचं तर गावात दोन जिवंत प्रती हव्यात."

"आणि दुसरी?"

"सही कायमची लागेल." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "त्यांचं म्हणणं, पेटीपेक्षा माणूस बरा. ऊब स्वतः सांभाळतो, वेळेवर जेवतो, चमचा बदलायचा प्रश्न नाही. वाचन झालं तरी जिवंत प्रत ठेवायचीच, असं ठरतंय. पट्टा निघणार नाही. गावाबाहेर कधीच नाही."

"मेल्यावर तरी?" मी विचारलं. त्यानं कागद पुढे सरकवला.

दुसरा माणूस कुठून आणायचा? कोण कशाला येईल? तेवढ्यात नजमाभाभी दारातूनच बोलल्या. कधी आल्या होत्या कळलं नाही.

"मी आहे की."

"भाभी, तुम्ही आजारी—"

"आजारी आहे म्हणूनच. माझीच कृती आहे ना त्यात? माझ्याच पोटात राहू दे. तसंही मी कुठे जाते हो हेमाताई, मार्केटला आणि दर्ग्याला." त्यांनी घाटपांडेकडे बोट दाखवलं. "पण माझ्या डॉक्टरांना विचारून. मी मेले तर तुझी एक प्रत कमी."

डॉक्टर हो म्हणाले. आम्ही दोघींनी एकाच दिवशी सह्या केल्या, पट्टे बांधून घेतले आणि कॅप्सूल गिळल्या. जिला नऊ महिने पोटात वाढवलं तिच्या पोटातलं आता माझ्या पोटात, असं म्हणून मी हसायला गेले आणि हुंदकाच फुटला. नजमाभाभींनी पाठीवर थाप मारली. "गिळलं ना? मग आता पाणी प्या."

कायमच्या सहीचं ओवीला सांगायचं नाही, असं मी घाटपांडे आणि नजमाभाभी दोघांकडून वदवून घेतलं. ओवीला सांगितलं, वाचन होईपर्यंतच, मग आम्हीही गोळ्या घेऊ. तिनं विश्वास ठेवला. ठेवायचाच होता तिला, बिचारीला.

आमच्या दोघींच्या नमुन्यांत हळूहळू सगळे नंबर दिसायला लागले, म्हणजे पानं सगळी पोचली होती; वाचायची तेवढी बाकी. ओवीनं गोळ्या घेतल्या. तिच्या मनगटावरचा पट्टा कापला तेव्हा तिथली कातडी पांढरी पडली होती. ती कितीतरी वेळ मनगट चोळत बसली, आणि मग खूप दिवसांनी माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

"मी तसं बोलायला नको होतं आई."

"बोललीस ते बरं झालं," मी म्हटलं. "मलाही विचारायचं होतं स्वतःला."

"मग? काय उत्तर मिळालं?"

"जा आता. गाडी येईल."

जहाज सुटायच्या आदल्या दिवशी ती पोचली. तपासणीत काहीही सापडलं नाही.

महिन्याभरानं तिचा व्हिडिओ कॉल आला. मी आणि नजमाभाभी अंगणात शेंगा सोलत होतो. आता आमचं जेवण, झोप, सर्दी-पडसं सगळं संस्थेला कळवावं लागतं. नजमाभाभींच्या कृतीची पानं सापडून त्यांचं इंजेक्शन झालं होतं, गालांवर जरा रंग आला होता. फोनमध्ये नुसता वारा घोंघावत होता. ओवी जहाजाच्या कठड्याला टेकून उभी होती, नाक लाल, केस तोंडावर, आणि इतकी खूश की मला तिच्याकडे बघवेना.

"आई, मागे बघ! त्या दिसतायत ना? त्यातल्या तिसरीवर मी आज चढले. वरून नुसता समुद्र! भाभी, तुम्ही पण बघा!"

"उतरताना नीट गं बाई," नजमाभाभी म्हणाल्या.

"आई, तुमचं वाचन कुठवर आलं?"

"चाललंय. दोघींचे नमुने मिळायला लागल्यापासून भराभर होतंय, निम्म्याच्या वर झालं म्हणे."

"मग उन्हाळ्यात ये. इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. मला सुट्टी आहे मे महिन्यात, आपण बोटीनं फिरू. सगळ्या पोरांना नकाशात दाखवलास ना हा देश, स्वतः बघायला नको? येतेस ना?"

"येते की."

"असं मोघम नको. तारीख सांग."

"बघू गं, अजून वेळ आहे."

"नाही. तू नेहमी असंच करतेस. आत्ता सांग."

मी नजमाभाभींकडे बघितलं. त्या मान खाली घालून शेंगा सोलत होत्या. "मेमधला पहिला शनिवार," मी म्हटलं.

ओवीनं तिथेच, माझ्याशी बोलता बोलता, बोटं चालवली. "झालं! काढलं! आता तुला मागे हटता येणार नाही." हाका आल्या म्हणून तिनं घाईघाईत फोन ठेवला.

लगेच माझ्या फोनवर तिकीट आलं. माझं नाव, शनिवारची तारीख. पोरीनं खिडकीची जागा घेतली होती.

मी ते बघत बसले. नजमाभाभींनी शेंगांचं ताट बाजूला सारलं, माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि पालथा ठेवला.